उसनी पहिली ओळ

गाणं 'सुचलं' असं आपण सहज म्हणून जातो. या क्रियापदात माणूस चतुर्थीत बसलेला असतो: मला सुचलं, तिला सुचलं. करणारं दुसरंच कुणीतरी, आपण फक्त पदर पसरून बसायचं. पण ज्यांनी हातातलं काम न सोडता आयुष्यभर गाणी केली, त्यांच्याविषयी बोलताना मराठी आपोआप वेगळी क्रियापदं काढते. शाहीर कवन बांधतो, पेटीवाला चाल लावतो, करवल्या उखाणा जुळवतात, जात्यावरची बाई ओवी घालते. बांधणं, लावणं, जुळवणं, घालणं ही हातांची क्रियापदं आहेत. दावं बांधावं, रोप लावावं, जात्यात वैरण घालावी, तशी. गीतरचनेचा इतिहास लिहायचा तर ही दुसरी क्रियापदं जास्त खरी मानावी लागतात, असं माझं म्हणणं आहे. आणि त्यासाठी पुण्या-मुंबईच्या कवींपेक्षा वैनगंगेच्या खोऱ्यातल्या भरवेलीच्या परिसराची साक्ष जास्त उपयोगाची आहे. प्रेरणेची वाट न पाहता गाणं करायची एक पक्की, शिकता येणारी आणि तरीही माणसागणिक वेगळी होणारी रीत या पट्ट्यात होती. तिचं मर्म अगदी छोटं आहे. पहिली ओळ उसनी घ्यायची, दुसरी आपली टाकायची.

भरवेली बालाघाट शहराच्या अगदी जवळ आहे आणि बाहेरच्या जगाला ती ठाऊक असलीच तर मँगनीजमुळे. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण अशी इथल्या खाणीची ओळख सांगतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही कंपनी १८९६ साली निघाली, आणि पुढच्या काही वर्षांत नागपूर, भंडारा, बालाघाट या जिल्ह्यांत काळ्या खनिजाच्या खाणी उघडत गेल्या. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ एकीकडे आणि बालाघाट दुसरीकडे गेलं. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल, उभी राहिली तेव्हा तिचं मुख्यालय मात्र नागपूरलाच राहिलं. सरहद्द नकाशावर पडली, पगाराचा हिशेब जुन्याच राजधानीत होत राहिला. या गावाच्या आसपास पोवार, लोधी, मरार, कुणबी, महार, गोंड, गोवारी आणि वर बैहरच्या पठारावर बैगा अशी वस्ती. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात इथल्या पोवारीला बघेलीच्या घरात बसवलं आहे आणि तिच्यावरचा मराठीचा रंगही नोंदवला आहे. बालाघाटच्या मराठीला तर 'मऱ्हेटी' असं वेगळं नाव दिलेलं आहे. एकाच बाजारात चार भाषा ऐकू येतात तिथे गाणं कुणा एका भाषेच्या मालकीचं राहत नाही. लग्नातलं पोवारीत, भजनातलं मराठीत किंवा हिंदीत, रानातलं छत्तीसगढीच्या वळणाचं, आणि गाणारी तीच. 

या भागातला खडक आणि या भागातलं गाणं, दोन्हींची लेखी नोंद सुरुवातीला एकाच माणसाने घेतली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे हौशी नव्हे तर चांगले जाणते भूगर्भशास्त्रज्ञ होते. १८६३ साली ते ओढ्याच्या पुरात बुडून गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांतून रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचं जे पुस्तक छापवलं, त्यात एका परधानाकडून ऐकलेली गोंडांच्या लिंगोची प्रदीर्घ गीतकथा आहे. पुढे १९०९ साली फर्मर या शास्त्रज्ञाने भारतातल्या मँगनीजवर थोरला ग्रंथ लिहिला आणि इथे सापडणाऱ्या, मँगनीजधारी गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या खडकाला गोंडांच्या नावावरून 'गोंडाइट' हे नाव दिलं. आणि १९३२ साली व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात जमलेली ही जोडी. 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' हे गोंड गीतांचं पुस्तक १९३५चं, 'फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स' १९४४चं. मैकलच्या रांगांचा एक पाय बालाघाटातच उतरतो. हिवाळ्यांनी एकट्याने लिहिलेलं परधानांवरचं पुस्तक १९४६ साली आलं. मराठी वाचकाने या माणसाची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही, हे जाता जाता नोंदवतो.

या नोंदींवरून एक गोष्ट चटकन दिसते. इथे गाणं करणारे दोन जातीचे होते. एक परधान. तो पेशाने गाणारा, गोंड यजमानांच्या घरी ठरल्या वेळी जाणारा, बाना हे तंतुवाद्य छातीशी धरून बडादेवाला जागं करणारा. त्याच्या गाण्यातली कथा वाडवडिलांची, वळणं ठरलेली. त्याची रीत समजून घ्यायला मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांचं युगोस्लावियातलं काम उपयोगी पडतं: १९३०च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की हजारो ओळी गाणारा निरक्षर गायक पाठांतरावर अवलंबून नसतो, तो तयार तुकड्यांच्या साठ्यातून दर वेळी गाणं नव्याने उभारतो. पण पेशाच्या गायकाबद्दल एवढं बोललं तरी पुरे. माझं लक्ष दुसऱ्या जातीकडे आहे, ज्यांना कुणी गायक म्हणत नव्हतं. मोहफुलं वेचायला गेलेली पोरं-पोरी, रोवणीच्या बायका, मांडवातल्या आज्या. यांना शिदोरीत कथा नव्हती, वाद्य नव्हतं, यजमानही नव्हता. तरी गाणं करायची वेळ त्यांच्यावर रोज येत होती.

त्यांचं हत्यार म्हणजे ददरिया. मैकलच्या डोंगरांपासून छत्तीसगढपर्यंत पसरलेला हा दोन ओळींचा प्रकार. रानात काम करता करता एकाने म्हणायचं, दुसऱ्याने, बहुधा दुसरीने, उत्तर द्यायचं. त्याची बांधणी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गोंधळात टाकते, कारण पहिल्या ओळीचा दुसरीशी अर्थाने काही संबंध नसतो. पहिल्या ओळीत एखादं झाड असतं, भांडं असतं, नदीतली वाळू असते, बाजारातली कुठलीशी वस्तू असते. दुसऱ्या ओळीत काळजातलं असतं. दोघींना बांधून ठेवतं ते फक्त यमक. रीत नीट दिसावी म्हणून इथेच जुळवलेला एक नमुना घेऊ. समजा कुणी म्हटलं, 'खाणीच्या वाटेवर पळसाची रांग, येणार की नाहीस ते आजच सांग.' पळसाचा येण्या-न येण्याशी काय संबंध? काहीच नाही. पण फाल्गुनात त्या वाटेवर पळसाशिवाय डोळ्यात भरण्यासारखं दुसरं असतंच काय. म्हणून पळस ओळीत आला. 'रांग' आला म्हणून 'सांग' आला. आणि 'सांग' आल्यावर मनात आठ दिवस घोळत असलेलं जे होतं त्याला तोंड फुटलं. आता समोरची तीच पहिली ओळ उचलते आणि म्हणते, 'खाणीच्या वाटेवर पळसाची रांग, मागच्या साली बोललास ते आधी सांग.' पळस तोच, रांग तीच, आणि माणूस साफ वेगळा. एक आर्जव करतो आहे, दुसरी जुना हिशेब काढते आहे.

मराठी घरात वाढलेल्याला ही रीत परकी वाटायचं कारण नाही, कारण उखाण्यात आपण नेमकं हेच करतो. चांदीच्या ताटाचा, महादेवाच्या पिंडीचा, अंगणातल्या तुळशीचा नवऱ्याच्या नावाशी काय संबंध असतो? पहिली ओळ नाव घ्यायला वेळ मिळवून देते, यमकाची खुंटी ठोकून देते, आणि लाजेला आडोसा देते. जगाच्या दुसऱ्या टोकाला मलय भाषेतल्या पंतुनचीही बांधणी हीच. त्याच्या चार ओळींतल्या पहिल्या दोन ओळींना तिथले लोक पेम्बायांग म्हणतात. या शब्दाच्या पोटात 'सावली'चा अर्थ आहे. उरलेल्या दोन म्हणजे मक्सुद. मक्सुद हा अरबी वाटेने गेलेला शब्द आपल्यालाही ओळखीचा: इरादा, मतलब. आधी सावली, मग मतलब. एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांनी तीच युक्ती काढावी याचा अर्थ ती युक्ती माणसाच्या मनाच्या कुठल्या तरी खऱ्या अडचणीवरचा उपाय असणार. अडचण अशी, की मनातलं थेट सांगायला बसलं की शब्द अडतात, आणि अडतात तेव्हा आपण त्याला प्रेरणा नसणं म्हणतो. ददरिया गाणाऱ्याने ती अडचण बाजूनेच पार केली. त्याने सुरुवात मनापासून केलीच नाही. डोळ्यांपासून केली. समोर जे आहे ते ओळीत घातलं, त्या ओळीच्या शेवटच्या शब्दाने मनातलं काय ओढून काढायचं ते काढलं. भावना या रीतीत शेवटी येते. आधी येते वस्तू.

ही रीत इथेच का पक्की झाली, याचं उत्तर पिकात आहे असं मला वाटतं. देशावर ज्वारी-बाजरी. ती दळायची, म्हणून जातं. जातं पहाटेचं, घरातलं, एकटीचं किंवा फार तर जावा-नणंदा दोघींचं. त्यामुळे ओवी स्वगतासारखी झाली. खुंट्याच्या फेऱ्यात ओळ लांबवता येते, माहेराचा विचार मागे-पुढे करता येतो, ऐकणारं कुणी नसलं तरी चालतं. वैनगंगेच्या खोऱ्यात धान. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या जुन्या नात्यावरचं शिक्कामोर्तब. तांदूळ रोज दळत नाहीत, कांडतात. आणि धानाचं सगळ्यात मोठं काम उखळापाशी नसतं, बांधीत असतं. रोवणीच्या दिवसांत पंधरा-वीस बाया एका ओळीत, गुडघाभर चिखलात, वाकून, मागे मागे सरकत जातात. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताच्या बोटांनी दोन-तीन रोपं सुटी करून चिखलात खोचायची, पाऊल मागे. मान वर करायला सवड नाही, शेजारणीचा चेहरा दिसत नाही, ऐकू मात्र येतं. ओळीच्या एका टोकाने म्हणायचं, दुसऱ्या टोकाने उचलायचं. असं गाणं स्वगत होऊच शकत नाही, ते सवाल-जवाबाचंच होणार. त्यात लांबण लावून भागत नाही; दोन रोपं लागायच्या आत ओळ पूर्ण व्हायला हवी आणि दुसरीला उत्तर जुळवायला तेवढाच वेळ हवा. उसनी पहिली ओळ हा तो वेळ आहे. पहिली ओळ दोघींच्या ओळखीची असल्याने ती म्हणेपर्यंत दुसरीचं डोकं चालत राहतं. देशावरची ओवीसुद्धा ठरलेल्या सुरुवातीवर उभी असते हे खरं, पण तिथे ती सुरुवात सवयीची आहे. इथे ती कामाची गरज होती.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार असा: हे सगळं लोकगीत झालं, समूहाचं, यात व्यक्तीची स्वतःची रीत कुठून आणता? लोकगीताला कर्ता नसतो असं आपल्याला शाळेपासून पढवलेलं आहे. पण कर्ता नसणं आणि कर्त्याचं नाव न लिहिलं जाणं या दोन गोष्टींत फरक आहे. ददरियात समूहाचं काय असतं? चाल आणि पहिल्या ओळींचा साठा. दुसरी ओळ त्या क्षणी कुणा एकीच्याच तोंडून निघते, आणि ती फसली तर हसं समूहाचं होत नाही, तिचं होतं. शाहिरी परंपरेत हे आणखी उघड दिसतं. कलगी आणि तुरा या दोन फडांच्या झगड्यात समोरच्याने टाकलेलं कोडं त्याच वजनात सोडवायचं असतं, आणि कवनाच्या शेवटी शाहीर आपल्या नावाची छाप मारतो. जिथे हरण्या-जिंकण्याचा प्रश्न आहे तिथे व्यक्ती असतेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड साठा जमवला, त्यात लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि गाणाऱ्या बायांची नावं ओव्यांसोबत ठेवलेली आहेत. नावं लिहायचं ठरवलं तेव्हा ती सापडली. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर हाताशीच आहे. अक्षरओळख नसलेली ही बाई घरात-शेतात काम करता करता गाणी म्हणायची. मुलाने, सोपानदेवांनी ती उतरून घेतली नसती आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली नसती, तर ती आज खानदेशातली 'लोकगीतं' म्हणूनच मोजली गेली असती. आणि त्यांची सुरुवात कुठून होते पाहा: सुगरणीचा खोपा, चुलीवरचा तवा, मोट, विहीर, पीक. आधी डोळ्यांसमोरची वस्तू, मग संसार. खानदेशातल्या शेतात आणि भरवेलीच्या रानात एकच शाळा भरत होती, हजेरीपट फक्त एकीकडे राहिला.

दुसरा आक्षेप कवी मंडळींकडून येतो. ठरलेल्या सुरुवातीवर आणि यमकावर गाणं उभं राहत असेल तर ती कारागिरी झाली, त्यात सच्चेपणा किती? हा आक्षेप घेणारे सच्चेपणा म्हणजे काही पूर्वतयारी नसणं असं धरून चालतात. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि वर्षाहून थोडं अधिक काळ, आठवड्याला एक असं छप्पन्न गाण्यांपर्यंत चाललं. गीतकार माडगूळकरांना दर आठवड्याला गाणं द्यायचं होतं. कथा वाल्मीकींची, प्रसंग ठरलेला, प्रक्षेपणाचा दिवस ठरलेला. उसनं घ्यायचं तेवढं सगळं उसनंच होतं. त्या गाण्यांत सच्चेपणा कमी पडला असं कुणी म्हटलेलं ऐकिवात नाही. गाणं करणाऱ्याला मोकळं रान जितकं घाबरवतं तितकं बांध घातलेलं शेत घाबरवत नाही. तरीही या आक्षेपात एक खरा भाग आहे आणि तो मान्य करायला हवा. ददरियाची शंभरातली नव्वद उत्तरं यमकापुरतीच असणार. साठ्यातली पहिली ओळ उचलून साठ्यातलीच दुसरी जोडलेली. उखाण्यांचं काय होतं ते आपण बघतोच. पण कुठल्याही पद्धतीची परीक्षा तिच्या सरासरीवर घ्यायची तर छापील कवितासंग्रहांचीही धडगत नाही. पद्धतीचं काम रोज गाणं होत राहील एवढं पाहणं आहे. त्यातलं एखादं लख्ख निघतं. रोज झालंच नाही तर लख्ख तरी कुठून निघणार?

तिसरा आक्षेप पुराव्याचा आहे. एल्विन आणि हिवाळ्यांनी गाणी इंग्रजीत दिली, यमक सोडून, मुक्त छंदात. त्या भाषांतरांत मैकलची पोरं आधुनिक कवींसारखी बोलतात: एक ठसठशीत प्रतिमा, मग एक उसासा. मूळ गाण्याची खुंटी जे यमक, तेच भाषांतरात गेलं. मग पहिली ओळ आणि दुसरी ओळ यांच्यातली फट इंग्रजी वाचकाला खोल काव्यात्म मौनासारखी दिसली. पळस आणि आर्जव शेजारी ठेवले की पळस आपोआप विरहाचं प्रतीक होतो. मूळ गाणाऱ्याला पळस प्रतीक म्हणून सुचला नव्हता, तो रस्त्यात उभा होता. म्हणजे या पुस्तकांवर सगळी इमारत रचली तर ती डळमळेल, हे कबूल. पण ददरिया पुस्तकात संपलेला प्रकार नाही. तो आजही गायला जातो, रेकॉर्ड होतो, आणि त्याची बांधणी कानाने तपासता येते. शिवाय या आक्षेपातून माझ्या म्हणण्याला उलट बळच मिळतं. यमकाने अपघाताने शेजारी आणलेल्या दोन गोष्टींत ऐकणाऱ्याला खोल नातं दिसू लागतं, हे भाषांतराने नकळत सिद्ध केलं. गाणाऱ्यालाही ते दिसत असणारच. दहा वेळा पळसासोबत कुणाची वाट पाहिली की अकराव्या वेळी पळस दिसताच तो माणूस आठवतो. प्रतीक अशाने तयार होतं, कारागिरीच्या मागोमाग, आणि मग मागून येणारे त्यालाच प्रेरणा म्हणतात.

मग खाणीचं काय? समोरची वस्तू ओळीत घालायची हीच रीत असेल, तर शंभर वर्षं समोर असलेल्या मँगनीजने गाण्यांचा डोंगर उभा करायला हवा होता. तसं झालं नाही, आणि का झालं नाही हे या रीतीच्या अटींवरून समजतं. तिला दोन गोष्टी लागतात: डोळ्यांसमोर बदलतं जग आणि कानाच्या टप्प्यात उत्तर देणारं माणूस. जमिनीखाली दोन्ही नाहीत. दिव्याच्या झोतात दिसतो तेवढाच खडक, आणि तो उन्हाळ्यात-पावसाळ्यात सारखाच. ड्रिल सुरू झालं की शेजाऱ्याचं बोलणंसुद्धा ओठांवरून ओळखायचं. शिवाय उत्तर देणारी खाली राहिलीच नाही. १९२९च्या नियमांनी बायकांना जमिनीखालच्या कामातून हटवायला सुरुवात केली आणि १९५२च्या खाण कायद्याने ती मनाई पक्की केली. कायदा त्यांच्या भल्यासाठी होता, त्यात वाद नाही. त्याचा एक परिणाम मात्र असा, की पुरुष खाली आणि बाई वर, दगड फोडून चांगलं खनिज निवडणारी. सवाल-जवाबाचा जवाब वेगळ्या मजल्यावर गेला. पाळी संपल्यावर खाणीतला माणूस गायचाच, पण ते गाणं भजनाचं, जलशाचं, दिवाळीनंतरच्या मंडईतल्या दंडारीचं; ठरल्या जागेचं आणि ठरल्या रात्रीचं. काम आणि गाणं यांची फारकत झाली ती इथे. जाता जाता दिसेल ते ओळीत घालायची सवय मोडली की गाण्यासाठी विषय शोधावा लागतो, आणि विषय शोधावा लागला की माणूस प्रेरणेबद्दल बोलू लागतो.

बाकीचं काम रेडिओने केलं, आणि यात एक मासलेवाईक गोष्ट आहे. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, विविध भारती १९५७ साली, आणि ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेला तसा तो बांधीच्या धुऱ्यावर येऊन बसला. हा ट्रान्झिस्टर चालायचा कोरड्या सेलवर. संपलेला सेल फोडून पाहणाऱ्या प्रत्येक पोराला त्याच्या पोटातली वस्तू माहीत आहे: मधोमध कार्बनची काडी आणि भोवती हाताला चिकटणारी काळी भुकटी. ती भुकटी म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. याच पट्ट्यातल्या, भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून ते खनिज बॅटरीच्या कारखान्यांना जातं. म्हणजे इथल्याच मातीतून निघालेल्या काळ्या भुकटीवर मुंबईचं गाणं वाजत होतं, आणि रोवणीच्या ओळीतल्या बाया ते ऐकत होत्या. याला ऱ्हास म्हणून रडायची एक पद्धत आहे. मला ती पुरती पटत नाही. उसनवारी काही थांबली नाही, तिची जागा बदलली. आधी पहिली ओळ उसनी असायची, आता चाल उसनी आली. लग्नातली गाणी, भीमजयंतीची गाणी, गणपती-दुर्गेपुढची गाणी, सिनेमाच्या चालीत आपले शब्द बसवून धडाधड होऊ लागली, आणि अशा शब्द बसवणाऱ्यांची गावोगाव नावं झाली. चालीने अक्षरांची संख्या ठरवून दिली, यमकाच्या जागा ठरवून दिल्या. पहिल्या ओळीचंच काम ते. नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की नाट्यसंगीताच्या सुवर्णकाळातसुद्धा कितीतरी पदं आधीच्या चालींवर रचलेली होती, आणि 'चाल' म्हणून मूळ गाण्याचं नाव पदाच्या डोक्यावर छापायची आपल्याकडे राजरोस पद्धत होती. उसनं घेतलं की कुणाकडून ते सांगायचं, एवढा व्यवहार पाळला की झालं.

खरं नुकसान दुसरीकडे झालं. ट्रान्झिस्टर गातो, पण थांबत नाही. त्याची ओळ संपल्यावर उत्तरासाठी जागाच नसते. असलीच तर तिथे जाहिरात. रोवणीही आता बऱ्याच ठिकाणी एकराच्या ठेक्यावर जाते, टोळी लवकर उरकून दुसऱ्या बांधीत उतरण्याच्या घाईत असते, आणि त्या घाईत मोबाइलवरचं गाणं सोयीचं, कारण त्याला जवाब द्यावा लागत नाही. पोवारांच्या, कुणब्यांच्या, मरारांच्या घरी अजून एक जागा तेवढी शिल्लक आहे. वरात परतते, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं असतं, नणंद दोन्ही हात पसरून दार अडवते आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही. मागे बॅन्ड वाजत असतो, त्याला कुणीतरी हातानेच गप्प करतं. नवरी मापाकडे बघते, तांदळाकडे बघते, आणि तांदळापासून सुरुवात करते.